माईक येईपर्यंत

“त्या डिलिव्हरीच्या पैशापायी हे बाई आता दिल्लीले जाते का काय,” महामाया पुटपुटली. ती मागच्या बाईला म्हणत होती, मला नाही. पण आम्ही दोघी विहारातली मोठी सतरंजी घडी करत होतो, आणि सतरंजीचं असं असतं की दोन टोकांना दोघी कितीही लांब उभ्या राहिल्या तरी घडी पडत जाते तसतसं एकमेकींकडे चालत यावं लागतं. तिचं वाक्य संपलं तेव्हा तिचा चेहरा माझ्यापासून हातभर होता. तिनं आपल्याकडची टोकं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, खीर चांगली झाली होती नाई आज? मी म्हटलं, हाव. खीर पातळ होती, आणि तळाला लागलेली होती. सतरंजी कपाटावर ठेवून मी चपला शोधत बसले. चपला समोरच होत्या, पण शोधायला काहीतरी हवं होतं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते. महामाया तोंडाची फटकळ आहे, मनात काही ठेवत नाही, असंच आम्ही तिच्याबद्दल सगळीकडे सांगतो. मग हे तिनं मनात का ठेवलं होतं, आणि पुटपुटून का काढलं? आणि मागची बाई हसली का नाही? ती तर महामायाच्या प्रत्येक बोलण्याला हसते. ती माझ्याकडे बघत होती, आणि दवाखान्यात दुसऱ्याच्या पेशंटकडे बघतो तसं बघत होती.

वर्षावासाचे दिवस होते. आषाढातल्या पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असतं. पांढऱ्या साड्या नेसून बायका येतात, वंदना होते, मग एकजण समोर बसून वाचते आणि बाकीच्या ऐकतात. ज्या घरची पाळी असेल ते घर खीर आणतं. ती वाचणारी एकजण म्हणजे मी. होते, असं म्हणायची अजून सवय झालेली नाही. विहार रेल्वेलाईनीच्या अंगालाच आहे. मलकापुरात राहणाऱ्याला गाडीचा आवाज ऐकू येत नाही, आपल्याच श्वासाचा येत नाही तसा. पण वाचणाऱ्याला येतो. मालगाडी आली की मी थांबायची. सगळ्याच थांबायच्या. कोणी मांडीवरच्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवायची, कोणी डोळे मिटायची, कोणाला दिवसभराचं काहीतरी आठवायचं ते तिच्या तोंडावर दिसायचं. शेवटचा डबा गेला हे सगळ्यांना एकदमच कळायचं, आणि मी पुढचं वाक्य उचलायची. त्या थांबण्यात जे होतं ते ग्रंथात होतं की नव्हतं मला सांगता येणार नाही, पण घरी जाताना माझ्याबरोबर तेच यायचं. पूनम थांबत नाही. ती गाडीच्या वरून वाचत जाते. पूनम म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या सचिवाची, पुष्पांजलीची सून, इंग्रजी शाळेत शिकवते, आणि तिचा आवाज असा की मागच्या बाकावरच्या पोरानं काही न करताच उठून उभं राहावं. चांगली वाचते. मी ऐकताना मान हलवते. मान हलवताना माझ्या मानेला कळतं की ती खोटं हलते आहे.

यंदा पूनमनंच वाचनाचं लाईव्ह सुरू केलं. एका काडीवर मोबाईल बसवायचा आणि ग्रंथाच्या समोर उभा करायचा; पुण्याला, सुरतेला, नाशिकला गेलेली आमची माणसं तिथं बसून बघणार. पहिल्या दिवशी मी केसांना तेल लावून गेले होते. मोबाईलच्या त्या काळ्या ठिपक्यात माणसं बसलेली आहेत हे ठाऊक असून मला ती दिसत नव्हती, म्हणून मी सगळ्यांच्या वतीनं एकट्या अश्वजितला तिथं बसवलं आणि त्याच्यासाठी वाचलं. अश्वजित माझा मुलगा, पुण्यात एका कंपनीत आहे, मोठ्या हुद्द्यावर. त्याची बायको मनाली, तिचे वडील अधिकारी होते. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, आई, दिसलीस. मी म्हटलं, कशी दिसले? तर म्हणाला, गुडघा कसा आहे आता? त्या ‘दिसलीस’वर मी पुढचे कितीतरी दिवस काढले. भाजी निवडताना, बसच्या रांगेत, मध्येच मला ते आठवायचं आणि मी एकटीच हसायची. मग एका संध्याकाळी खीर झाल्यावर बायका उठल्या नाहीत. महामाया म्हणाली, आवाज पोचून नाही राह्यला ताईचा, लाईव्हात तर अजिबात नाही. पुष्पांजली खाली बघत होती. माईक घेऊ, असं ठरलं. गळ्यात अडकवायचा बारकासा माईक आणि त्याच्या जोडीचा, आवाज मोठा करणारा डब्बा. मंडळाच्या पेटीतून पैसे निघाले, पुष्पांजलीच्या मोबाईलवरून ऑर्डर गेली, डब्बा जड म्हणून डिलिव्हरीचे वेगळे पडले. आणि माईक येईपर्यंत पूनम वाचेल. हे कोण म्हणालं ते आता आठवत नाही. सगळ्यांनीच म्हटल्यासारखं झालं होतं. मीही मान हलवली. मला वाटलं, हे सगळं माझ्यासाठी चाललं आहे. होतंही माझ्यासाठीच, फक्त मला वाटलं तसं नाही.

माईक यायच्या सुमाराला पुष्पांजली म्हणाली की कंपनीनं ऑर्डर कॅन्सल केली. माल नसंल त्यायच्याकडे, म्हणाली. असं होतं म्हणे. मग माईकचे पैसे परत आले, डिलिव्हरीचे आले नाहीत. मी म्हटलं, दुसरा मागवू. तर पुष्पांजली म्हणाली, ते डिलिव्हरीचे येऊ दे ना, हिशेब पुरा होऊ दे, मग मागवू लगेच. मी म्हटलं, ते मी भरते. ती म्हणाली, मंडळाच्या हिशेबात असं कोणी पदरचं भरत नसते धम्मा. धम्मा म्हणजे मी, धम्मशीला. इतक्या लाडानं मला ती एकटीच हाक मारते. बाकी सगळ्यांना मी ताई. आता मंडळाचा हिशेब किती काटेकोर आहे ते मला चांगलं माहीत आहे. आमच्या भांड्यांच्या मोजदादीत दरवर्षी वाट्या वाढतात. पण मला तिचं पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं. माझ्या आणि त्या बसण्याच्या जागेच्या मध्ये आता एवढीशीच रक्कम उभी होती, आणि एवढीशी रक्कम हलवणं माझ्यासारखीला काही अवघड वाटलं नाही. रेशनकार्डावरचं नाव बदलून आणायला मी तहसिलात बसून राहिलेली बाई आहे. मी रोज विचारायला लागले. आले का? आज आले का? आणि रोज कोणी ना कोणी म्हणायचं, जाऊ द्या ना ताई. कायले त्या एवढ्याशासाठी. एखाद्या मेलेल्या माणसाबद्दल बोलावं इतक्या हळू म्हणायच्या.

सतरंजी घडी केली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी कंपनीला फोन लावला. ऑर्डरचा नंबर पुष्पांजलीनं केव्हातरी पाठवला होता, तो समोर ठेवला. आधी गाणं वाजलं. मग एक बाई हिंदीत म्हणाली की माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, आणि परत गाणं. ते गाणं ऐकत मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. बाहेर शेजारच्या छतावर कोणाच्या तरी उशा वाळत घातल्या होत्या. मग खरोखरची मुलगी आली. मराठीत बोलली. मॅडम म्हणाली, आणि इतक्या आदरानं म्हणाली की मी पदर सावरला. मी माझी तक्रार सांगितली, आधी आमच्या भाषेत, मग तिच्या. तिनं मला नियम सांगितला. कंपनीनं ऑर्डर रद्द केली तर सगळे पैसे परत जातात, डिलिव्हरीचेसुद्धा. मागावे लागत नाहीत, आपोआप जातात. पण माल निघाल्यावर ग्राहकानं रद्द केलं तर वस्तूचे मिळतात, डिलिव्हरीचे नाही. कारण गाडी तर चालली ना मॅडम, ती म्हणाली. मी म्हटलं, पण कंपनीनंच रद्द केलं आहे. ती म्हणाली, तसं असतं तर आले असते मॅडम. मी म्हटलं, म्हणजे आम्ही खोटं बोलतो? ती म्हणाली, मी तसं म्हटलं नाही मॅडम, ज्यांच्या नावावर ऑर्डर आहे त्यांना फोन करायला सांगा, तुमच्या नंबरवर मला जास्त सांगता येणार नाही. मी तिला म्हटलं की तुमच्या कंपनीत हेच शिकवतात वाटतं. म्हटलं की आमची पुष्पांजली खोटं बोलणारी नाही, तिला मी ओळखते, तुम्ही नाही.  तिकडून एक खुर्ची करकरल्याचा आवाज आला, आणि मला एकदम वाटलं की तिला कळलं आहे. कुठल्या गावात बसलेली कोण मुलगी, तिला माझ्याबद्दल ते कळलं जे मला अजून कळलेलं नव्हतं. मग तिनं विचारलं, अजून काही मदत करू का मॅडम? मी फोन ठेवला आणि भांडी घासायला बसले. ती सकाळीच घासून झाली होती.

पुष्पांजली आणि मी कापसाच्या जिनिंगमध्ये एकत्र होतो. माझं लग्न होऊन मी रोहिणखेडहून इथं आले तेव्हा अश्वजितचे बाबा जिनिंगात हमाली करायचे, आणि मी कपाशीतला कचरा वेचायला जायची. रुई नाकात, कानात, पापण्यांवर. संध्याकाळी आम्ही दोघी एकमेकींच्या पापण्या साफ करायचो. ती दहावी झालेली होती, पुढे आशा सेविका झाली, मग मंडळाची सचिव. मी शाळेत गेले होते, पण फार नाही. मायच्या कडेवरची पोरं सांभाळायला मला काढून घेतलं, आणि जे आलं होतं तेही गेलं. अश्वजित पहिलीत गेला तेव्हा मी त्याचं पुस्तक घेऊन बसले. तो शाळेतून शिकून यायचा आणि मला शिकवायचा, आणि मी चुकले की त्याच्या गुरुजीसारखे डोळे करायचा. दुसरीत मी त्याच्याबरोबर गेले, तिसरीतही. चौथीनंतर तो माझ्यासाठी थांबेना, मग मी पुड्यांचे कागद वाचायला लागले, दुकानांच्या पाट्या, गठाणींवरची लेबलं, औषधाच्या बाटलीवरचं सगळं, अगदी कुठं बनलं तेसुद्धा. विहारात त्या वेळी माणिकराव गुरुजी वाचायचे. त्यांची नजर गेली. एका वर्षी आषाढी पौर्णिमेला त्यांनी ग्रंथ उघडला, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि मिटला. म्हणाले, कोण वाचते आता? शिकलेल्या बायका होत्या, त्या लाजल्या. पुष्पांजलीनं मला मागून ढकललं. नुसतं म्हटलं नाही, ढकललं. माझा तोल जाऊन मी दोन पावलं पुढं आले. “हे वाचते,” ती म्हणाली. गुरुजींनी विचारलं नाही की किती शिकली. त्यांनी सरकून जागा दिली. पहिलं पान वाचायला मला केवढा वेळ लागला असेल. कोणी उठलं नाही. लहान लेकरांनासुद्धा कोणीतरी धरून ठेवलं होतं. तर अशी ती पुष्पांजली. तिच्यावर मी त्या फोनवरच्या मुलीचं ऐकून शंका घ्यायची? मी ताट पुसता पुसता मोठ्यानं म्हणाले, छट. पण दाढेत शेंगदाण्याचं साल अडकावं तसं ते राहून गेलं. जीभ पुन्हापुन्हा तिथंच जायला लागली. गाडी तर चालली ना मॅडम.

गोपाल मला स्टेशनरोडला भेटला. मी त्याला शोधायला गेले नव्हते, असं मी स्वतःला सांगितलं होतं. मी गूळ आणायला गेले होते, आणि गूळ आमच्या गल्लीतही मिळतो. गोपाल आधी गाडीवर भाजी विकायचा. त्याच्या घरचा मळा आहे, मेथी-पालक अजूनही त्याचा भाऊ काढतो. पण आता भाजीसाठी लोक दारापर्यंत येत नाहीत आणि पार्सलच्या डब्यासाठी येतात, म्हणून त्यानं कुरिअर धरलं. त्याला सगळी दारं माहीत आहेत, कोणत्या दाराला कुत्रं आहे तेही. झाडाखाली गाडी लावून तो मोबाईलमध्ये पत्ते बघत होता. मी इकडचं तिकडचं विचारलं. मग विचारलं की विहाराचा एक मोठा डब्बा येणार होता, तो तुमच्याकडेच येणार होता का. तो म्हणाला, आला होता ना. त्याला तो डब्बा चांगला आठवत होता, कारण दिवसभर तो गाडीवर पुढं घेऊन फिरला होता आणि गुडघे वर करून गाडी चालवली होती. “विहारापाशी गेलो त पुष्पांजलीबाई झाडून राह्यल्या होत्या. म्हणे, नको, कॅन्सल करतो. म्या म्हटलं, बाई, दारात आल्यावर? त्यायनं मोबाईल काढला अन् माह्या समोरच केलं.” त्याच्या मोबाईलवर कारणही आलं होतं म्हणाला. दोनचार कारणं असतात त्यातलं एक निवडायचं असतं. त्यांनी निवडलं होतं, आता गरज नाही. मग गोपाल माझ्या तोंडाकडे बघून थांबला. भाजीवाला होता, माणसाचं तोंड वाचायची सवय. म्हणाला, तुम्हाले माहीत नाई का? मी म्हटलं, माहीत आहे ना, मीच तर सांगितलं होतं तिले. मी हे कोणासाठी म्हटलं? तिची अब्रू जाऊ नये म्हणून की माझी? गोपालनं मान हलवली आणि पुंजाजीभाऊ, म्हणजे अश्वजितचे बाबा, बरे आहेत का विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत. गूळ न घेता घरी आले.

वाटेत मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, राग चालायला मदत करतो. मला नुसतं ते चित्र दिसत होतं. पुष्पांजली हातात झाडू घेऊन उभी, पदर खोचलेला, समोर गोपाल आणि तो डब्बा. डब्यात माईक, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. तो मुंबईहून नाहीतर कुठून कुठून, किती गोदामं, किती ट्रक करून आमच्या विहाराच्या पायरीपर्यंत आला, आणि पायरीवरून परत गेला. तिनं चष्मा वर केला असेल, ती मोबाईल बघताना करते तसा. अंगठा क्षणभर तरी थांबला असेल का? मग संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसून म्हणाली होती, कंपनीनं कॅन्सल केलं, आणि माझ्या वाटीत स्वतःच्या वाटीतले दोन काजू टाकले होते. काजू का टाकते आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. खिरीत काजू मोजकेच असतात आणि पुष्पांजलीला ते फार आवडतात.

अश्वजितचे बाबा लवकर आले होते. आता ते जिनिंगातच गेटवर बसतात, पाठीनं हमाली सोडवली. मी चहा ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. आधी फोनवरच्या मुलीचं, मग गोपालचं. मला वाटलं, ते मध्येच म्हणतील, काय सांगते. पुष्पांजलीनं? ते चहा बशीत ओतून पीत राहिले. बशीतला चहा संपला तरी बशी तोंडाजवळच होती. बाहेरून गाडी गेली, लांबच्या पल्ल्याची, डब्यांच्या सावल्या आमच्या भिंतीवरून झरझर धावल्या. ती गेल्यावर ते म्हणाले, “जाऊ दे ना आता.” तेच शब्द, आणि त्याच आवाजात, महामायाच्या, त्या मागच्या बाईच्या, सगळ्यांच्या. मी त्यांच्याकडे बघितलं. ते कपबशी घेऊन मोरीकडे गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस कधी स्वतःची कपबशी उचलून मोरीत ठेवायला गेलेला नाही. तिथं ते उभे राहिले, पाठ माझ्याकडे करून, नळ सुरू केला आणि ती एक बशी धूत राहिले. तेव्हा मला कळलं की यांनाही माहीत आहे. आणि मग मागचं सगळं एकामागून एक यायला लागलं. आषाढात ते मला रोज म्हणायचे, चाल, वेळ झाला, तुह्याशिवाय सुरू होणार नाही. ते म्हणणं कधी बंद झालं? पूनम वाचायला लागली तेव्हा नाही, त्याच्या आधी. आणि एका रविवारी ते मोबाईलवर बोलत अंगणात गेले होते आणि आत येऊन म्हणाले होते, अश्वजितचा होता, काई नाई, असाच. असाच फोन असतो तेव्हा तो मलाही दिला जातो. त्या दिवशी दिला नव्हता. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे होते, म्हणून नसेल दिला, असं मी तेव्हा समजून घेतलं होतं. किती गोष्टी मी समजून घेत आले. समजून घेण्यात मी फार हुशार आहे. मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय माहीत आहे? त्यांनी नळ बंद केला. हात धोतराला पुसले, मग परत पुसले. म्हणाले, “पुष्पाले विचार.” एवढं बोलून ते चपला घालून बाहेर गेले. घरातून पळाल्यासारखे नाही, हळूहळू, एखाद्या मोठ्या माणसाला जागा करून द्यावी तसे.

पुष्पांजलीच्या घरी मी दार न वाजवता जाते. ती मागच्या पडवीत मुगाच्या शेंगा सोलत बसली होती, मोठ्या परातीत. पूनम आत वह्या तपासत होती, मला बघून म्हणाली, या ना ताई, आणि उठून गच्चीवर गेली. वह्या तशाच उघड्या. मी परातीच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि शेंगा घेऊन सोलायला लागले. हात रिकामे ठेवून आम्हाला दोघींना कधी बोलता आलेलं नाही. शेंगा अर्ध्या वाळलेल्या होत्या, टचकन फुटत होत्या, दाणे परातीच्या पत्र्यावर वाजत होते. मला वाटत होतं की ती बोलेपर्यंत मी बोलू नये. मग वाटलं की ती बोललीच नाही तर? आपण असंच शेंगा सोलून उठू, संध्याकाळी विहारात जाऊ, मी विचारीन पैसे आले का, ती म्हणेल नाही अजून. असं आश्विनापर्यंत चालेल. समारोपाला जेवण होईल, ग्रंथ पांढऱ्या कापडात बांधला जाईल. पुढच्या आषाढात कोणाला आठवणारसुद्धा नाही की माईक यायचा होता. मी तेही करू शकले असते. मला ते करायचंही होतं, खरं सांगायचं तर. भीती वाटत होती, आणि कशाची ते समजत नव्हतं.  मी म्हटलं, “गोपाल भेटला होता.”

तिच्या हातातली शेंग फुटली नाही. ती तिला नखानं सोलत राहिली, एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत. मी म्हटलं की पुष्पा, तुला पूनमला बसवायचं होतं तर मला सांगायचं. माईकचं सोंग कशाला केलं? तूच मला पुढं ढकललं होतं, तूच मागं ओढायचं, पण तोंडावर सांगून. मी काय तुझी सून वाचते म्हणून रडले असते? रडले असते थोडी. मग खीर खाल्ली असती. मला मंडळाच्या सगळ्या बायकांमध्ये तू वेडं केलं. मी रोज विचारत होते, आले का, आले का, आणि तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. त्या कंपनीच्या पोरीशी मी तुझ्यासाठी भांडले. हे सगळं मी ओरडून म्हणाले नाही. आवाज चढवायची मला सवय नाही, म्हणूनच तर माईक लागणार होता.  पुष्पांजलीचं नाक लाल झालं होतं, पण डोळे कोरडे. तिनं एकदा गच्चीच्या जिन्याकडे बघितलं. मला वाटलं पूनमला हाक मारते आहे मदतीला, पण ती पूनम खाली येत नाही ना हे बघत होती.

“पूनमले नव्हतं बसायचं,” ती म्हणाली. “ते रडत होती. म्हणे ताईची जागा मी कशी घेऊ.”

मग कोणाला, मी म्हटलं. महामायाला? ती नाही म्हणाली. मंडळात कोणाला? नाही. मी एकेक नाव घेत गेले आणि ती मान हलवत गेली, आणि प्रत्येक नावाला तिचा चेहरा असा होत गेला की पुढचं नाव घेऊ नकोस. नावं संपली. विहारात बसणारी सगळी माणसं संपली.  मी म्हटलं, “मग काऊन, पुष्पा?”

“कोणी सांगू नको म्हणे तुले,” ती म्हणाली. “पुंजाजीभाऊनं शपथ घातली सगळ्यायले. म्हणे तिले आमचं वाईट वाटलं तरी चालन, त्याचं नको वाटाले. म्हणून म्या माईकचं निमित्त काढलं, आला त परत धाडला, अन् सगळं माह्यावर घेतलं. मले वाटलं तू माह्यावर चिडशीन, दोनचार महिने बोलणार नाही, मग बोलशीन. मी निभावून नेलं असतं.” तिनं पदरानं नाक पुसलं. “पण तू त त्या पैशाच्या मागंच लागली, धम्मा. सोडूनच नाही राह्यली.”

“त्याचं म्हणजे कोणाचं?”

ती माझ्याकडे बघत नव्हती. परातीतल्या दाण्यांकडे बघत होती.

“तू बोट ठेवून वाचते,” ती म्हणाली. “ओळीखाली. पहिल्यापासून. आमाले त कधी दिसलंच नाही ते, आमी ऐकत होतो. मोबाईलमंधी दिसलं. अश्वजितचा फोन आला मले. म्हणे, मावशी, मनालीच्या घरचे पाहतात, ऑफिसातले पाहतात, आईले तिथं बसवू नका. मले लाज वाटते, म्हणे.”